ओसरीतली बंगई, फुलोऱ्याचे हुक आणि छतातल्या वायरी : कामाच्या नोंदी

13 जुलै 2025, रविवार

काम दोन भागांत आहे. एक, ओसरीत बंगई, म्हणजे झोपाळा, टांगायची. दोन, महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) फुलोऱ्यासाठी, म्हणजे वर टांगायच्या करंज्या-पापड्यांच्या चौकटीसाठी, माजघराच्या छताला पक्के हुक बसवायचे. यंदा महालक्ष्म्या 31 ऑगस्टला येतात, त्याच्या आठवडाभर आधी हात धुऊन मोकळं व्हायचं. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न सकाळीच आला, "फुलोरा यंदा बी खिडकीले दोरी बांधूनच टांगाचा का?"

घराविषयी थोडं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं मातीच्या जाड भिंतींचं माडीचं घर, लाकूड सगळं सागवान. ओसरी अठरा फूट लांब, नऊ फूट रुंद. भिंतीपासून समोरच्या खांबांपर्यंत जाड मयाली (मुख्य तुळया) गेल्यात, मयालींवर गोल फाटे (वासे), फाट्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चार इंच पांढरी माती. वरून माडीची सारवलेली जमीन. खालून बघाल तर यातलं काहीच दिसत नाही. माती गळून ताटात पडते म्हणून मामाजींनी (सासऱ्यांनी) पूर्वी कधीतरी मयालींच्या खालून हार्डबोर्डचं सपाट सीलिंग मारून घेतलं. त्यावर तीन-चार वेळा रंग बसलाय, त्यामुळे बोर्डांचे सांधेही बुजलेत.

म्हणजे लाकूड वर आहे हे सगळ्यांना माहीत, नेमकं कुठे ते कोणालाच नाही. आणि वायरी कुठून जातात ते ज्याला ठाऊक होतं तो वायरमन कधीच गाव सोडून गेला.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. लग्नानंतर तो बहुतेक मिक्सर आणि कूलरच्या पंपापुरता उरला होता. या कामात पुरता वापरून घ्यायचा विचार आहे.

14 जुलै

भाऊजींची सूचना: पंख्याचा हुक आहेच, बंगईची एक बाजू त्याला लटकवू. नाही. पंखा पाच-सहा किलोचा आणि जागच्या जागी फिरणारा. बंगई माणसांसकट अडीचशे किलोची आणि झुलणारी. शिवाय स्विचबोर्डापासून पंख्यापर्यंतची वायर त्याच पट्ट्यातून जाते. पंख्याच्या हुकाभोवतीची हातभर जागा आणि तिथून स्विचबोर्डापर्यंतचा सरळ पट्टा मी नकाशावर लाल पेन्सिलीने रंगवून टाकला. तिथे खिळासुद्धा नाही.

19 जुलै, शनिवार

आज लाकूड शोधलं.

ऑनलाइन मागवलेलं लाकूड शोधायचं यंत्र आधी लावून पाहिलं. ते पृष्ठभागामागचा पदार्थ कुठे दाट होतो ते ओळखतं. पावसाळ्यात ओल धरलेल्या हार्डबोर्डवर ते जवळजवळ सगळीकडे पिंपिं करत होतं. रंगाच्या पुटांनी आणखी घोळ. कोरड्या शहरी भिंतींवर चालत असेल, आमच्या ओसरीत त्याला डबीत परत ठेवलं.

जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून छताजवळून फिरवलं. हे मात्र फक्कड चाललं. बोर्ड ठोकलेल्या खिळ्यापाशी आलं की चुंबक हळूच ओढलं जातं आणि चिकटतं. तिथे खडूची खूण. तासाभरात छतावर खुणांच्या सरळ ओळी उभ्या राहिल्या, फूट-फूट अंतरावर, अगदी शिस्तीत.

भाऊजी म्हणाले, "झालं का वयनी, सापडले न फाटे!"

फाटे इतके शिस्तीत नसतात. ते जंगलातून आलेले गोल, एक मनगटाएवढा तर दुसरा मांडीएवढा, आणि त्यांच्यातलं अंतरही हाताच्या अंदाजाचं. या ओळी रिपांच्या होत्या. बोर्ड ठोकायला मयालींच्या खालून जी दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट मारली, तिच्या. चुंबकाने खिळे दाखवले आणि खिळे रिपांत होते. ठोकून पाहिलं तर तिथला आवाजही भरीव येतो, त्यामुळे फसगत पुरी होते. अशा रिपेत हुक पिरगळला तर तो घट्ट बसतो, हाताने ओढून पाहिला तरी हलत नाही, आणि माणूस बसलं की रीप, बोर्ड आणि हुक सगळं एकदम खाली. खाली ओढणाऱ्या भाराला रीप फक्त आपल्या दोन-तीन खिळ्यांच्या पकडीवर तग धरून असते.

मयाल आणि रीप वेगळी कशी काढायची? ठोकत गेलं तर रिपेचा भरीव आवाज दोन बोटांत संपतो, मयालीचा वीतभर चालतो. पण रंगाच्या जाड थरावर कान फार विश्वासाचा नाही. त्यामुळे ठोकणं सोडून खाली उतरले.

माडीवरची माती उकरायची नव्हती. पण ओसरीच्या दर्शनी बाजूला, खांबांच्या डोक्यावर, मयालींची टोकं बाहेर डोकावतात. तिथून टेपने कोपऱ्यापासूनची अंतरं घेतली. मयाल सरळ भिंतीत जाते असं धरून आतल्या बाजूला तीच अंतरं मांडली आणि दोन टोकांत सुतळी ताणली. पहिली आणि दुसरी मयाल साडेपाच फुटांच्या अंतराने. बंगईची फळी पाच फुटांची. गणित जमतंय. तिसरी मयाल पन्हाळीखाली येते, भिंतीला ओल आहे, तिच्या टोकात आरी टोचली तर अर्धा इंच सहज आत गेली. सागाचा गाभा उधई सहसा खात नाही, पण वरचा पांढरा भाग खाते आणि मातीच्या भिंतीत घुसलेलं टोक सगळ्यात आधी खराब होतं. तिसरी बाद. पहिल्या दोघींत आरी टोकापुढे जात नाही.

20 जुलै, रविवार

भाराचा हिशोब. सागाची फळी, पाच बाय दोन फूट, दीड इंच जाड, साधारण 23 किलो. सळ्या-कड्या धरून 40. तीन मोठी माणसं, 210. एकूण अडीचशे. ही स्थिर बंगई. झुलताना सगळ्यात खालच्या बिंदूपाशी ओढ वाढते, किती ते कुठवर झुलवली त्यावर ठरतं: 30 अंशांपर्यंत सव्वापट, 45 अंशांपर्यंत सुमारे 1.6 पट, 60 अंशांपर्यंत दुप्पट. आमच्या ओसरीत मागे भिंत आहे, 40 च्या पुढे फळी भिंतीलाच लागेल. तरी घरात पोरं आहेत, 45 धरले. चारशे किलो. दोन मयालींवर दोनशे-दोनशे.

मयालीला हे काहीच नाही. तिच्या डोक्यावर आधीच मातीचा थर आहे, चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर, म्हणजे एकेका मयालीवर सातशे किलोच्या आसपास. एवढं वर्षानुवर्षं उचलणारी सहा बाय आठ इंचाची मयाल आमच्या तिघांनी बसल्याने कुरकुरणार नाही. कमजोर दुवा मयाल आणि बंगई यांच्या मधला: हुक.

पेचाचा हुक खालून लाकडात पिरगळायचा की नाही, हा वाद घरात दिवसभर चालला. माझं मत नाही. खालून घातलेला पेच आट्यांच्या जोरावर लटकतो, झुलण्याने दोन्हीकडे हिसके बसतात आणि सागवान उन्हाळ्यात आटून पावसाळ्यात फुगतं. फुलोऱ्याला चालेल, बंगईला नाही. बंगईचा भार मयालीच्या डोक्यावर बसला पाहिजे. आरपार बोल्ट घालून वर जाड पट्टी, किंवा छिद्रच न पाडता मयालीला लोखंडी पट्ट्याचा वेढा. मयालीच्या वर फाट्यांमध्ये चार इंच पोकळी आहे, पट्टा वरून सरकवता येईल. दुसरा मार्ग मला आवडला.

26 जुलै, शनिवार

आता वायरी. खरं डोकं इथे लागतं.

घरातलं मूळ काम बॅटन वायरिंगचं. लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा आणि क्लिपांत रबरी आवरणाच्या दोन वायरी. ही पट्टी ठोकायला लाकूड लागतं, मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. मग त्या काळचा वायरमन काय करणार? मयालीच्या बाजूने पट्टी नेणार. माजघरात उघड्या राहिलेल्या कोपऱ्यात हेच दिसतं: पट्टी भिंतीने वर चढते, मयाल गाठते आणि तिच्या कुशीने पुढे जाते. ओसरीतही तेच केलं असणार, आणि नंतर सगळं हार्डबोर्डमागे गेलं. म्हणजे मी ज्या लाकडाला शोधतेय त्याच लाकडाला वायर चिकटलेली असणार. पक्क्या घरात लोक सांगतात, लाकूड सापडलं की झालं. आमच्यासारख्या घरात लाकूड सापडलं की काळजी सुरू.

वायरीचा माग काढायला रेडिओ वापरला. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्यावर ठेवला की तो वायरीत खरखर सोडतो. मामाजींचा जुना ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून छताजवळून नेला. बोर्डापासून वर, मग पहिल्या मयालीच्या रेषेने, मग पंख्याकडे. खरखर वाढते-कमी होते तशा खुणा केल्या. ढोबळ आहे, वीतभर इकडे-तिकडे, पण मार्ग कळतो. चालू वायरीजवळ वाजणारा न टेकवायचा टेस्टरही त्याच मार्गाने वाजला.

मात्र तो दुसऱ्या मयालीपाशीही वाजला. तिथे आमचा कुठलाच दिवा नाही, पंखा नाही. रेडिओ तिथे गप्प. आधी वाटलं भिंतीची ओल असेल, ओलसर भिंत जवळच्या वायरीचा परिणाम पसरवते. पण बोर्ड तिथे कोरडा ठणठणीत होता.

27 जुलै, रविवार

संध्याकाळी दिवेलागणीला बसले. मेन पाडला. इन्व्हर्टरही मुद्दाम बंद केला. मेन पाडून "लाईन बंद" म्हणणारे बहुतेक लोक इन्व्हर्टर विसरतात. मेन पडला की तो आपणहून ओसरीच्या दिव्या-पंख्याला 230 व्होल्ट द्यायला लागतो. त्याचं बटण बंद करून आउटपुटची वायरही सोडवून ठेवली.

दोन मिनिटं झाली नसतील, भिंतीपलीकडून काकींचा आवाज. "अवो, आमच्या आंगनातला लाईट काऊन गेला?"

काकाजी म्हणजे चुलत सासरे. वाडा मधोमध वाटलेला, त्यांचा मीटर वेगळा, मेन वेगळा. आमचा मेन पाडल्याने त्यांचा बल्ब जायचं काही कारण नव्हतं. मेन चढवला. "आला, आला," काकी म्हणाल्या. पुन्हा पाडला. पुन्हा गेला. भाऊजी हसायला लागले, मला काही हसू आलं नाही.

29 जुलै, नागपंचमी

आज खणायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. आत्याबाईंनी गिरमिटही हातात घेऊ दिलं नाही. कागदावर आकृती काढत बसले आणि उलगडलं.

2 ऑगस्ट, शनिवार

आकृती बरोबर निघाली. वाटणी व्हायच्या आधी अंगणातला बल्ब आमच्याच ओसरीतून गेलेल्या जोडवायरीवर होता. दुसऱ्या मयालीपाशी टेस्टर वाजला तो याच जोडवायरीमुळे. वाटणीनंतर काकाजींनी नवा मीटर घेतला, बल्बाचा फेज (वीज आणणारी वायर) आपल्या बोर्डावरून दिला आणि न्यूट्रल (परतीची वायर) जुनाच ठेवला, म्हणजे आमचा. एरवी कळत नाही, कारण दोन्ही घरांचे न्यूट्रल खांबावर एकच. पण आमचा लोखंडी मेन फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. तो पाडला की काकाजींच्या फेजला परतीचा रस्ता उरत नाही. वीज त्यांच्या बटणातून बल्बात, बल्बातून आमच्या ओसरीतल्या काळ्या वायरीत येते आणि तिथे वाट पाहत थांबते. ती वायर धरणारा माणूस परतीचा रस्ता होतो.

म्हणजे आमचा मेन बंद, इन्व्हर्टर बंद, आणि ज्या वायरीला सगळे मरतुकडी समजतात ती काळी न्यूट्रल जिवंत. तीही फक्त काकाजींचं बटण चालू असेल तेव्हा. दिवसा तपासलं असतं तर सगळं निवांत आढळलं असतं.

आज खात्री केली. डिजिटल मीटरवर भरवसा ठेवला नाही; लांबवर शेजारून जाणाऱ्या वायरीमुळेही तो आकडा दाखवतो आणि भुताचा पाठलाग करायला लावतो. साधा होल्डर, 100 वॅटचा पिवळा बल्ब, दोन लांब वायरी. आधी चालू सॉकेटवर लावून बल्ब नीट पेटतो हे पाहिलं. मग रबरी चप्पल, लाकडी स्टूल, हात कोरडे. मेन पाडून एक टोक अर्थिंगला, दुसरं जंक्शन बॉक्समधल्या काळ्या वायरीला. काकींना पलीकडून बटण दाबायला सांगितलं. माझ्या हातातला बल्ब तांबूस पेटला, अर्धामुर्धा. त्याच क्षणी भिंतीवरून दिसणारा काकाजींचा बल्बही तसाच तांबूस पेटला. दोन्ही बल्ब एका माळेत आले होते, म्हणून दोघांनी व्होल्टेज वाटून घेतलं. नंतर चालू सॉकेटवर बल्ब पुन्हा तपासला, दोन्ही वेळा नीट.

काकाजींना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बल्बाकडे पाहत राहिले. "त्या वक्ती वायरमनले जसं सुचलं तसं त्यानं केलं. आमी कायले पाहाले जातो छतात?" खरं आहे. वाटणी जमिनीची झाली, अंगणाची झाली, विहिरीच्या पाळीचीही झाली. छताची कोणी केली नाही.

(यात कोणाच्या मीटरवर किती युनिट पडले हा विषय मी या नोंदीत आणत नाही. पुढे महालक्ष्म्या आहेत, जेवायला दोन्ही घरं एकत्र बसतात.)

3 ऑगस्ट, रविवार

आजपासून नियम: ओसरीच्या छताला हात लावायचा तर तीन गोष्टी बंद. आमचा मेन, आमचा इन्व्हर्टर, काकाजींचा मेन. आमच्या मेनचा कटाऊट (फ्यूजचा सुटा तुकडा) काढून माझ्या पदराला बांधलेला. काकाजींचा कटाऊट काकाजींच्या खिशात, म्हणजे तेही काम संपेपर्यंत समोर बसून.

अंदाज करत छिद्रं पाडण्यापेक्षा बोर्ड काढणं शहाणपणाचं. तरी बोर्ड कुठून कापायचा हे कळायला एक छोटं भोक हवं होतं. ड्रिल वापरला नाही. गिरमिटाच्या टोकापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर निळी टेप गुंडाळली, त्याच्या पुढे जायचं नाही. हाताने फिरवलं की प्रत्येक थर मनगटाला कळतो. आधी हार्डबोर्डचा करडा भुगा, कागदासारखा हलका. मग एकदम पोकळ. तिथे थांबले. भोकातून मोबाइलचा टॉर्च आणि तारेवरचा छोटा कॅमेरा घातला.

पडद्यावर मयालीची कड दिसली, कोळ्याची जाळी, आणि अपेक्षेप्रमाणे बॅटनची पट्टी. पट्टी मयालीच्या बाजूला असेल अशी माझी समजूत होती, ती बुडाला होती. खालून, बरोबर मध्यावर. सुतळीने मध्य काढून तिथेच खालून हुक पिरगळला असता तर तो थेट वायरींमध्ये जात होता.

दोन बाय दोन फुटांचा बोर्ड कापून उतरवला. वायरींचं रबर कडक होऊन वाळलेल्या गवारीसारखं झालं होतं, बोटाने वाकवलं तर तुकडे पडून तांबं उघडं. एके ठिकाणी उंदराने कुरतडलेलं. पांढऱ्या मातीची धूळ त्यावर बसून दोन्ही वायरींमध्ये भरली होती. पावसाळ्यात ही धूळ ओली होते. हे घर आजवर पेटलं नाही याचं श्रेय कोणाला द्यावं कळत नाही.

बोर्ड सिमेंटचा नाही ना, हे तोडलेल्या कडेवरून पाहून घेतलं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. तो असता तर कापायचं काम मी घरी केलंच नसतं. हा लाकडी लगद्याचा निघाला, तरी तोंडाला ओला रुमाल होताच.

9 आणि 10 ऑगस्ट

राखीला घर भरलेलं, काम अर्धाच दिवस. रविवारी परवानाधारक वायरमन आले. माझं शिक्षण काहीही असलं तरी मीटरपासून बोर्डापर्यंतचं काम त्यांच्या हातचं व्हायला हवं. आल्या-आल्या म्हणाले, "वयनी, मेन पाडला न, आता काय होते?" त्यांना काकाजींच्या बल्बाची गोष्ट सांगितली. मग स्वतःहून टेस्ट लॅम्प मागितला. चांगला कारागीर.

काय झालं ते थोडक्यात: ओसरीतलं जुनं बॅटन पूर्ण काढलं. नवी तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून, मयालींवरून नाही, भिंतीच्या वरच्या कडेने उघडी. दिसली तर दिसू दे. काकाजींच्या बल्बाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यांच्याच बोर्डावरून, त्यांच्याच भिंतीने. खर्च त्यांनी न बोलता दिला. आमच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा जाणारी आणि येणारी वीज तोलतो, फरक पडला की तोडतो. उसना न्यूट्रल आणखी कुठे असेल तर तोच पहिल्या दिवशी पडून सांगेल. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी हिशोब जुळतो. हे भाऊजींना सांगून ठेवलं, ते आता स्वतःला इलेक्ट्रिशियन समजू लागलेत.

दिवसभर आरसीसीबी पडला नाही. संध्याकाळी मुद्दाम आमचा मेन पाडला. काकाजींचा बल्ब जळतच राहिला.

16 ऑगस्ट, शनिवार

आर्वीहून वेल्डिंगवाल्याकडून पट्टे आले. 50 मिलिमीटर रुंद, 6 जाड लोखंडी पट्टी, मयालीच्या मापाने वाकवलेली. वरून मयालीच्या डोक्यावर बसते, खाली दोन्ही बाजू जाड तुकड्याला 12 मिलिमीटर बोल्टने जोडल्या, त्याच तुकड्याला कडी. वळणापाशी आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं, नाहीतर लोखंडाची धार लाकडात रुतते. झुलताना पट्टा मयालीवरून सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी छोटे स्क्रू, मयालीच्या उंचीच्या साधारण मध्यावर. बुडाच्या कडेला छिद्र नको. भाराने तिथलेच तंतू सगळ्यात जास्त ताणले जातात.

सागवानात स्क्रू थेट जात नाही, डोकं पिळून जातं. आधी बारीक गिरमिटाने वाट, मग आट्यांना साबण. भुगा तपकिरी, तेलकट, बोटांना चिकटणारा. त्याचा वास आला की मनाला पटतं, हे रीप नाही.

17 ऑगस्ट, रविवार

माणसं बसवायच्या आधी गहू बसवला. पन्नास किलोचे आठ कट्टे बंगईवर रचून रात्रभर ठेवले. त्याआधी दोन्ही मयालींच्या बुडाशी दोरी ताणून अंतर मोजलं होतं. सकाळी फरक मिलिमीटरभर, दोरीच्या जाडीत हरवणारा. पट्टे जागचे हलले नाहीत, बोल्ट आवळले तर पाव फेरा बसला. कट्टे उतरवल्यावर मयाल पूर्ववत.

पहिली आत्याबाई बसल्या. पाय टेकवूनच.

24 ऑगस्ट, रविवार

पोळा, तान्हा पोळा झाला, आता फुलोरा.

माजघरात भार किरकोळ. लाकडी चौकट, तिच्यावर करंज्या, पापड्या, वेण्या, सगळं मिळून चार-पाच किलो. इथे पेचाचे हुक चालतात, पण फाट्यात, रिपेत नाही. माजघराचं सीलिंग अर्धं उघडंच आहे, त्यामुळे फाटे डोळ्यांनी दिसले आणि जुनी पट्टीही. पट्टीपासून वीतभर सोडून चार फाट्यांत चार हुक. प्रत्येक हुकाला आधी हाताने लोंबकळून पाहिलं.

आत्याबाईंना एकच अट घातली: लायटिंगची माळ हुकांना गुंडाळायची नाही. त्या बारीक वायरीचं आवरण लोखंडी आकड्यावर घासून निघतं आणि खाली पितळी समया असतात. माळ सुतळीवर बांधा, सुतळी हुकांना. "बरं बाई," म्हणाल्या, आणि लगेच भाऊजींना सुतळी आणायला पाठवलं.

5 सप्टेंबर, शुक्रवार

महालक्ष्म्या झाल्या. बंगईवर एका वेळी पाच पोरं बसलेली पाहिली, हिशोबाच्या आतच होतं, तरी दोघांना उतरवलं.

कडीत कडी घासून काळी पूड पडायला लागलीय, ग्रीस लावलं. दोन्ही घरांच्या स्विचबोर्डांच्या आत पक्क्या शाईने लिहून ठेवलं: ओसरीत कोणाची वायर कुठून जाते, इन्व्हर्टर कुठून तोडायचा. काकाजींच्या बोर्डातही तेच, त्यांच्याच अक्षरात. छताचा कापलेला हार्डबोर्ड स्क्रूने बसवलाय, खिळ्यांनी नाही, म्हणजे उघडता येतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊन लाकूड आटेल तेव्हा पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, पाना बंगईखालच्या कोनाड्यात ठेवला आहे. तिसऱ्या मयालीच्या पन्हाळीचं काम पाऊस थांबल्यावर.